डाव्या बाहीचं माप

गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीत, शेवटून उलटी,
माझी पानं आहेत.
मनगट साडेसहा. कोपराखाली चार बोटं, साडेदहा.
कोपर. दंड.
दर सोमवारी, चहाच्या आधी,
तोच टेप, ज्यानं गल्लीतल्या बायकांचे दंड
मी बावीस वर्षं मोजले.
आता उजवा हात मोजतो, डावा मोजला जातो.

पावसाळ्यात सांगलीत सगळेच आकडा विचारतात:
आयर्विनला किती?
पस्तीस. अडतीस.
चाळीस म्हटलं की गावभागातली माणसं
गाद्या माळ्यावर टाकतात.
माझा दंड चौदाच्या वर गेला
की मी मशीनवरून उठते.

काखेतल्या गाठी काढल्या मोठ्या डॉक्टरांनी.
मिरजेच्या तहसीन मॅडमनी फक्त सांगितलं
की वाट बुजलीय, पाणी यायचं थांबणार नाही,
आपण ते फिरवून न्यायचं.
"आधी मान. मग चांगल्या बाजूची काख.
पुढचं रिकामं झाल्याशिवाय मागचं सोडायचं नाही."
"म्हणजे आलमट्टी," अण्णासो म्हणाले.
मॅडम हसल्या.
सांगलीत हे कुणाला समजवावं लागत नाही.

मार्केट यार्डात हळद तोलणारा हा माणूस,
पन्नास किलोचं पोतं हुकानं फिरवणारा,
त्याला शिकायला महिना गेला
की दाबायचं नाही.
कातडी नुसती सरकवायची,
दुधावरची साय बाजूला करावी तशी.
पहिले आठ दिवस मी ओरडायची, तो रुसायचा.
आता त्याच्या नखांतला पिवळा
माझ्या गळ्याच्या हाडाशी येऊन थांबतो
आणि मी मनात हिशेब करते,
उद्या कुणाचं फॉल-पिको द्यायचंय.

मग पंप.
जुना घेतला, इचलकरंजीच्या एका घरातनं.
त्यांना आता लागत नव्हता.
का लागत नव्हता, आम्ही विचारलं नाही.
पेढे काही त्यांनी दिले नव्हते.

दिवस बुडायच्या आत जेवण उरकतं आमच्यात,
म्हणून संध्याकाळ लांबलचक मिळते.
बाहीची चेन लावायची,
बोटांपासून एकेक कप्पा फुगत वर येतो,
मनगट धरतो, कोपर धरतो, दंड धरतो,
मग सगळे एकदम सोडून देतात.
पाऊण तास.
एकदा मधेच लाईट गेली
आणि फुगलेली बाही तशीच राहिली अंधारात,
कुणी हात धरून
पुढचं बोलायचं विसरल्यासारखी.

रात्री पट्ट्या. बोटांशी घट्ट, वर जाताना सैल.
चुणी पडू द्यायची नाही,
हे शिवणारणीला कोण सांगणार?
अंगुस्तान दोन्ही हातांना.
सुई टोचली तर लाल चट्टा, ताप, रात्रीचं मिरजेला पळणं.
बांगड्या उजव्याच हातात.
कासार आता न सांगता निम्मे पैसे घेतो.
सगळ्यात चीड मला त्याची येते.

काल एक बाई आली, हरिपूरकडची.
पदर पार बोटांपर्यंत ओढलेला, भर उन्हात.
"एकच बाही जरा सैल करा," म्हणाली,
"धुतल्यावर आटलीय."
कापडाची खळही गेली नव्हती.

मी टेप काढला.
मनगट. कोपराखाली चार बोटं. कोपर. दंड.
ब्लाउजला मनगटाचं माप लागत नाही,
तिलाही ठाऊक असणार.
ती गप्प उभी राहिली.
मी अंगठा टेकवला, तिथं खळगा पडला,
सावकाश भरत आला.

आकडे मी पुढच्या पानांत लिहिले नाहीत.
वही उलटी केली.
माझ्या शेजारचं पान कोरं होतं.
नाव विचारलं.
"सोमवारी या," म्हटलं,
"चहाच्या आधी."